मत आणि भाव

(आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एक पुष्प मी गुंफावे, अशी कार्यकारिणीने आज्ञा केली आणि विषयाची निवड मजवरच सोपविली. या व्यासपीठावर संतवाङ्मय झाले, नाट्यसंगीत झाले, सीमाप्रश्न तर वारंवार झाला. शेतीवर मात्र, निदान माझ्या बंगळूरमधील वास्तव्यात, एकही व्याख्यान झालेले मला आठवत नाही. वस्तुतः या सभागृहात बसलेल्या अनेकांच्या नावाचा सातबारा अजून गावाकडे आहे, आणि दिवाळीला आलेल्या पाहुण्यांशी पहिल्या चहाबरोबर जे बोलणे निघते, ते पाऊसपाण्याचे आणि भावाचेच असते.

प्रारंभीच एक खुलासा केलेला बरा. मी केंद्र सरकारचा नोकर आहे. १९६४ च्या वर्तणूक नियमांनी मला मत देण्याची मुभा ठेवली आहे. ते कोणाला दिले किंवा देणार, हे सुचविण्याचीदेखील ठेवलेली नाही. तेव्हा बोलण्याच्या ओघात पक्षांची वा व्यक्तींची नावे आली, तर ती झालेल्या घटनांची नोंद म्हणून यावीत. शिफारस किंवा निषेध म्हणून कोणी ती घेऊ नयेत.

शहरात स्थिरावलेल्या आपल्या मंडळींच्या दिवाणखान्यांतून एक वाक्य हल्ली फार ऐकू येते. गावाहून भाऊ फोन करतो, कांदा मातीमोल गेला म्हणतो, सोयाबीनला हमीभावसुद्धा लाभला नाही म्हणतो. फोन संपला की बैठकीतले कोणीतरी म्हणते, ‘यांनीच निवडून दिले ना? मग आता रडता कशाला?’ हे वाक्य वरवर मोठे तर्कशुद्ध दिसते. मत ज्याला दिले त्याच्या कारभाराची फळे भोगावीत, यात अन्याय तो कोणता? परंतु मत देताना शेतकऱ्याला प्रश्न कोणता विचारला गेला होता, हे त्या वाक्यात कोणीच विचारीत नाही. आज मला तेवढेच विचारावयाचे आहे.

मी निफाड तालुक्यातला. या तालुक्याला कोणी महाराष्ट्राचा कॅलिफोर्निया म्हणतात; कॅलिफोर्निया मी पाहिलेला नाही, पण उधारीच्या बाबतीत तो निफाडची बरोबरी करील असे वाटत नाही. आमच्याकडे द्राक्षबागा नंतर आल्या. त्याआधी ऊस होता आणि कांदा होता, आणि १९८० साली या दोहोंनी आमच्या जिल्ह्याला रस्त्यावर आणले.

त्या वर्षाची गंमत, अर्थात शोकांत गंमत, अशी की जानेवारी १९८० मध्ये लोकसभेची निवडणूक झाली आणि तिच्या प्रचारात कांद्याची महागाई गाजली. शहरातील गृहिणीच्या डोळ्यांत पाणी आणणारा कांदा दिल्लीच्या राजकारणात प्रथमच एवढ्या थाटाने मिरविला गेला. त्याच सुमारास पुणे जिल्ह्यात चाकणच्या बाजारात कांद्याचा भाव कोसळला होता आणि तेथील शेतकरी आंदोलनास उभे राहत होते. एकाच जिनसेबद्दल दोन हाकाट्या उठल्या. मतपेटीपर्यंत पोहोचली ती ग्राहकाची. पुढे १९९८ मध्ये कांदा महागला आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत दिल्लीतील राज्य सरकार गेले, तेव्हा हा धडा सर्व पक्षांनी कायमचा गिरवून घेतला. कांदा स्वस्त झाला म्हणून मात्र कोणते सरकार पडल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

चाकणच्या आंदोलनाचे नेते शरद जोशी हे मूळचे आपल्यासारखेच केंद्र सरकारचे अधिकारी, टपाल खात्यातले. स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथील जागतिक टपाल संघटनेतील नोकरी सोडून ते परतले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि त्या जमिनीचा हिशेब मांडता मांडता शेतकरी संघटनेपर्यंत येऊन पोहोचले. त्यांचे म्हणणे एका ओळीत मावणारे होते : उत्पादनखर्चावर आधारित भाव द्या, बाकीच्या सवलती तुमच्या तुम्हाला ठेवा. नोव्हेंबर १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात उसाला टनामागे ३०० रुपये आणि कांद्याला रास्त भाव, या मागणीसाठी रस्ते अडले, रेल्वे अडली, हजारो शेतकऱ्यांनी स्वतःला अटक करवून घेतली. खेरवाडीला गोळीबार झाला आणि शेतकरी प्राणास मुकले. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. माझे वडील पिशवीत एक धोतर आणि दशम्या घेऊन घराबाहेर पडले ते काही दिवसांनी तुरुंगातून परतले. तोवर तुरुंगात जाणे हे आमच्या घराण्यात लांच्छन मानले जाई. त्या आठवड्यापासून तो मान झाला.

याच वडिलांनी १९९५ साली संघटनेच्या उमेदवाराला मत दिले नाही. आरंभी शरद जोशी जाहीर सभांतून सांगत की, आम्ही मते मागावयास आलो तर जोड्याने मारा. पुढे १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष स्थापन झाला, १९९५ ची विधानसभा त्याने लढविली आणि शरद जोशी स्वतःही पराभूत झाले. ज्यांच्या सभेला लाख लाख माणूस लोटे, त्यांना मते का पडली नाहीत, याचा काथ्याकूट पुष्कळ विद्वानांनी केला आहे. माझ्या वडिलांचे उत्तर साधे होते. ते म्हणत, भावासाठी जावयाचे ते रस्त्यावर. मत हे सोसायटीच्या कर्जासाठी, डीपी जळाली तर ती बदलून आणणाऱ्यासाठी, पोराच्या शिफारशीसाठी आणि गावातल्या दुसऱ्या तटाला वर येऊ न देण्यासाठी असते. भाव दिल्लीत ठरतो आणि आमदार मुंबईला जातो, मग आमदाराला भाव विचारून काय उपयोग? यात पश्चात्तापाचा लवलेश नव्हता. तुरुंगवासही बरोबर आणि मतही बरोबर, अशीच त्यांची शेवटपर्यंत धारणा होती. मला वाटते, ते स्वतःची फसवणूक करून घेत नव्हते. राज्यव्यवहाराची विभागणी त्यांना आपल्या अनेक पदवीधरांहून नीट कळली होती.

आपण बंगळूरहून पुण्याला बसने जातो, तेव्हा बेळगाव मागे टाकल्यावर निपाणी लागते. मार्च १९८१ मध्ये याच हमरस्त्यावर तंबाखू पिकविणारे शेतकरी ठाण मांडून बसले होते. व्यापारी माल उचलीत, भाव मागाहून सांगत, वजनात कडता धरीत आणि पैसे सवडीने देत. शेतकऱ्यांत बहुसंख्य मराठी बोलणारे, तरी कन्नड बोलणारेही त्यांच्या मांडीला मांडी लावून बसले होते. ६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि तेथे माणसे मेली. त्याआधी २१ जुलै १९८० रोजी नरगुंद-नवलगुंद भागात मलप्रभेच्या पाण्यावरील आकारणीविरुद्धच्या आंदोलनातही गोळीबार झाला होता. त्यातूनच कर्नाटकातील रयत संघाची चळवळ उभी राहिली. दोन्ही वेळी राज्यात गुंडूराव यांचे सरकार होते. जानेवारी १९८३ मध्ये ते गेले आणि कर्नाटकात प्रथमच बिगर-काँग्रेस सरकार आले.

परंतु निपाणीच्या मराठी शेतकऱ्यापुढे मतदानाच्या दिवशी आणखी एक प्रश्न असे, जो नरगुंदच्या शेतकऱ्यापुढे नव्हता. १९५६ पासून त्या पट्ट्यात मत म्हणजे भाषेचे मत. महाराष्ट्र एकीकरण समितीला मत देणारा तंबाखूवाला तंबाखूबद्दल काही म्हणतच नव्हता. तो आपण कोण आहोत एवढेच पुनःपुन्हा नोंदवीत होता. तंबाखूचा भाव त्याने कोणत्या मतपत्रिकेवर लिहावा? कालांतराने समितीचा जोर ओसरला. २०१८ आणि २०२३ या दोन्ही निवडणुकांत तिचा एकही उमेदवार कर्नाटक विधानसभेत पोहोचला नाही. सीमाभागातील जुने शेतकरी भेटतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात दोन सूर लागतात. एक म्हणतो, भाषेपायी पोटाकडे दुर्लक्ष झाले. दुसरा म्हणतो, पोटाकडे पाहिले असते तरी पोट भरले नसते, निदान भाषा तरी राखली. या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार बंगळूरला नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्याला आहे असे मी मानीत नाही.

आता अलीकडच्या काळाकडे येतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याच्या हाती पाचशे किलोंहून अधिक कांद्याबद्दल, हमाली-तोलाई-भाडे वजा जाता, दोन रुपयांचा धनादेश पडला. वर्तमानपत्रांतून तो आपण सर्वांनी पाहिला, हळहळलो. त्याच वर्षी पुढे पाऊस ओढ धरू लागला, कांदा चढू लागला, आणि १९ ऑगस्टला निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर हा किमान निर्यातभाव आला. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यात पूर्ण बंद झाली.

डिसेंबर या महिन्याचे महत्त्व शहरी श्रोत्यांना सांगावे लागेल. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलला निघतो, चाळीत भरून ठेवता येतो; सड आणि घट सोसून शेतकरी चार-सहा महिने वाट पाहू शकतो. पावसाळ्यानंतर निघणारा लाल कांदा टिकत नाही. तो काढला की विकलाच पाहिजे. बंदी आली ती नेमकी हा लाल कांदा बाजारात येत असताना. लासलगावला भाव थोड्याच दिवसांत निम्म्यावर आले. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, तेव्हा म्हणाले की, चाळीतल्या कांद्यावर बंदी आली असती तर दार लावून घेतले असते; या कांद्याला दारच नाही. त्यातच २५ एप्रिल २०२४ रोजी गुजरातच्या पांढऱ्या कांद्याच्या २००० टन निर्यातीस परवानगी मिळाली, आणि निवडणुकीच्या ऐन धामधुमीत नाशिककरांच्या जखमेवर मीठ पडले. ४ मे रोजी बंदी उठली खरी, तथापि ५५० डॉलरचा किमान भाव आणि ४० टक्के शुल्क राहिलेच. २० मे रोजी आमच्याकडे मतदान झाले. दिंडोरीतून केंद्रात राज्यमंत्री असलेल्या उमेदवार पराभूत झाल्या, नाशिकमध्येही सत्ताधारी आघाडीचे खासदार पडले. कांद्याने आम्हाला रडविले, हे सत्ताधारी नेत्यांनी पुढे उघडपणे मान्य केले.

माझ्या वडिलांचे सूत्र येथे अक्षरशः खरे ठरले. भाव दिल्ली ठरविते. निवडणूक दिल्लीची होती. प्रश्न आणि मतपेटी एकदाच समोरासमोर आली आणि शेतकऱ्याने स्वच्छ उत्तर दिले. ते ऐकलेही गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान निर्यातभाव रद्द झाला, शुल्क निम्मे झाले.

आणि मग सहा महिन्यांच्या आत, २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत, त्याच नाशिक जिल्ह्याने पंधरापैकी चौदा जागा त्याच सत्ताधारी आघाडीला दिल्या. आपल्या दिवाणखान्यांतील टोमणा येथूनच जन्मला. ‘जूनमध्ये रागावले, नोव्हेंबरमध्ये विकले गेले,’ असे एका सुशिक्षित गृहस्थांनी माझ्यासमक्ष म्हटले. त्यांना आमच्या घरातील हकीकत सांगितली, तीच येथे सांगतो. जुलै २०२४ पासूनचे लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये वहिनींच्या खात्यात येऊ लागले. मतदानापूर्वी पाच हप्ते जमा झाले होते, म्हणजे ७५०० रुपये. दादांनी हिशेब मांडला : शंभर क्विंटल कांद्यावर क्विंटलमागे हजार रुपये जरी गेले, तरी लाख रुपये गेले, तुझे साडेसात हजार त्यात किती? वहिनींनी उत्तर दिले की, कांद्याला भाव होता त्या वर्षीदेखील त्यातला एक रुपया माझ्या नावावर कधी आला नव्हता. चाळीस वर्षे कांदा खुरपला, कापला, निवडला तो त्यांनी. पट्टी निघाली दादांच्या नावाने. या उत्तराला ‘विकले जाणे’ म्हणणाऱ्याने प्रथम आपल्या घरच्या पासबुकांवरील नावे पाहावीत. शिवाय शेतीपंपाचे वीजबिल माफ झाले होते, आणि निर्यातीचा हुकूम मुंबईहून निघत नाही हे दादांनाही ठाऊक होते. एका घरात दोन मते पडली आणि दोन्ही विचारपूर्वक पडली.

असा टोमणा फक्त आपल्याच देशात ऐकू येतो असेही नाही. इंग्लंडमध्ये मुले असलेली काही कुटुंबे आपल्या मंडळात आहेत; त्यांना हे ऐकून माहीत असेल. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने युरोपीय संघाबाहेर पडण्याचा कौल दिला. संघात राहणेच हिताचे, असे तेथील राष्ट्रीय शेतकरी संघाचे मत होते. तरी पुष्कळ शेतकऱ्यांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले. ब्रुसेल्सच्या कागदपत्रांचा जाच त्यांना नकोसा झाला होता, आणि आपल्या देशाचे कायदे आपण करावेत ही भावनाही होती. नंतर काय झाले? जमिनीच्या क्षेत्रावर मिळणारे जे अनुदान युरोपीय धोरणातून येई, ते इंग्लंडमध्ये २०२१ पासून टप्प्याटप्प्याने घटत गेले. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी केलेले व्यापारकरार ३१ मे २०२३ पासून लागू झाले आणि तेथील मांस स्पर्धेला आले. ऑक्टोबर २०२४ च्या अंदाजपत्रकात शेतजमिनीवर वारसाकराचा बोजा आला, तेव्हा नोव्हेंबरमध्ये हजारो शेतकरी लंडनच्या रस्त्यावर उतरले. त्यांनाही शहरवासी म्हणाले, तुम्हीच ना मत दिले होते? काही शेतकरी म्हणतात, आम्ही फसलो. काही म्हणतात, निर्णय योग्यच होता, तो राबविणारे नादान निघाले. त्यांची मतपत्रिका तर आपल्याहून तोकडी होती : राहावे की जावे, एवढेच. मेंढीच्या मांसाचा भाव तीवर कोठे छापला होता?

त्या देशाने १८४६ सालीच धान्यावरील आयातकर उठवून शहरी कामगाराची भाकरी स्वस्त केली होती. आपल्याकडे तो निर्णय कोणत्याही एका वर्षी झाला नाही; तो दर हंगामाला होतो. सरकार उन्हाळ कांद्याचा साठा करते आणि भाव चढू लागला की शहरांत तो सोडते. सप्टेंबर २०२४ मध्ये तो ३५ रुपये किलोने विकला गेला. मी ती रांग पाहिली आहे. रांगेत उभ्या असलेल्या माणसांपैकी कोणी दुष्ट नव्हते.

आणि आपल्या बंगळूरची एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. चिक्कबळ्ळापूर-कोलारकडे ‘बंगळूर रोज’ नावाचा लहान, गुलाबी, तिखट कांदा होतो. त्याला २०१५ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आपल्याकडे तो फारसा कोणी खात नाही; तो मलेशिया-सिंगापूरकडे जातो. ऑगस्ट २०२३ चे शुल्क त्यालाही बसले होते, परंतु सप्टेंबरअखेर त्याला सूट मिळाली. नाशिकच्या कांद्याला नाही. याचे कारण कोलारचा शेतकरी अधिक संघटित किंवा अधिक चतुर होता, असे मी समजत नाही. त्याचा कांदा आपल्या स्वयंपाकघरात येत नाही, म्हणून त्याला भाव मिळाल्याने आपले काही बिघडत नव्हते. नाशिकच्या शेतकऱ्याचे दुर्दैव हे की त्याचा कांदा आपण रोज खातो.

१ एप्रिल २०२५ पासून उरलेले २० टक्के शुल्कही गेले. बंदी नाही, शुल्क नाही, किमान भाव नाही. शेतकऱ्याने मागितले ते सारे मिळाले. आणि त्या वर्षी भाव पडला. पीक उदंड आले होते, हे एक कारण. दुसरे असे की, वारंवारच्या बंदीला कंटाळून बांगलादेशासारखे गिऱ्हाईक स्वतः कांदा पिकवू लागले, पाकिस्तान-चीनकडूनही घेऊ लागले. तुटलेले गिऱ्हाईक अधिसूचना काढून परत आणता येत नाही. कर्जमाफीचे जे आश्वासन निवडणुकीत दिले गेले होते, त्याबद्दल मार्च २०२५ अखेर राज्याच्या अर्थमंत्र्यांनी सांगितले की, कर्जे वेळेवर भरा. ऑक्टोबरमध्ये नागपूरला शेतकरी पुन्हा रस्त्यावर बसले, तेव्हा सरकारला निर्णयाची मुदत सांगावी लागली.

दादांना मी विचारले, नोव्हेंबरच्या मताबद्दल आता काय वाटते? ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले की, मताचे काय घेऊन बसलास. मत पाच वर्षांनी एकदा, कांदा वर्षाला तीनदा. दिल्लीचे मत मी कांद्यासाठी दिले, ते वाया गेले असे मला वाटत नाही. शुल्क त्यानेच उतरले. मुंबईचे मत तुझ्या वहिनीने दिले, ते तिचे. आणि बांगलादेशाचे मत कोणाकडे मागावयाचे, ते तू सरकारी माणूस आहेस, तूच सांग.

मी वाणिज्य खात्यात नाही, एवढे सांगून मी सुटका करून घेतली. आपणांपैकी कोणी त्या खात्यातून निवृत्त झालेले असतील तर त्यांनी आता उत्तर द्यावे. चर्चेसाठी अध्यक्षमहोदयांनी अर्धा तास राखून ठेवला आहे.